ऋणावर तोललेली वाट

कोणत्याही वाटेविषयी दोन प्रश्न विचारता येतात. ती वाट आहे की नाही, हा पहिला. आणि ती कशाच्या बळावर उघडी राहते, हा दुसरा. वाटसरू बहुधा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर संतुष्ट असतो. वाट आहे एवढे कळले की तो चालू लागतो. दुसरा प्रश्न त्याला सुचत नाही, कारण त्याचे उत्तर देण्याचे काम त्याने मनातल्या मनात दुसऱ्या कोणावर तरी सोपविलेले असते. वस्तुतः हा दुसरा प्रश्नच नीतीचा आहे. जी वाट मी वापरतो ती राखण्याचा भार कोणी वाहावा, आणि माझ्या चालण्याने तिच्यावर जे ओझे पडते त्याबद्दल मी काय देणे लागतो, असे त्याचे स्वरूप आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेतले आहे. ते सैद्धांतिक पदार्थविज्ञानातील आहे. विश्वातील दोन दूरस्थ स्थळांना आतून जोडणाऱ्या एका कल्पित बोगद्याचा अभ्यास गणिती व पदार्थवैज्ञानिक गेली अनेक दशके करीत आले आहेत. मराठीत त्याला कृमिविवर असे म्हणतात. असे विवर आजपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाही. परंतु ते उघडे ठेवावयाचे झाल्यास काय काय लागेल, याचा हिशेब मात्र अत्यंत काटेकोरपणे मांडला गेला आहे. आणि तो हिशेब पदार्थविज्ञानाशी एरवी संबंध नसलेल्या विचारी माणसानेही समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम या कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहू. आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. द्रव्य व ऊर्जा यांच्या सान्निध्यात अवकाश आणि काल यांचे मिळून बनलेले वस्त्र वाकते, आणि या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असे त्याचे सार सांगता येईल. या सिद्धांताच्या समीकरणांचे पहिले महत्त्वाचे उत्तर कार्ल श्वार्त्सशील्ड यांनी शोधले व ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील लुडविग फ्लाम यांनी त्या उत्तराच्या भूमितीत नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला आकार दडला असल्याचे दाखविले. पुढे १९३५ मध्ये प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन व त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी अशी दोन नरसाळी एकमेकांस जोडून एक ‘सेतू’ कल्पिला. त्यावरून कोणी प्रवास करावा हा त्यांचा हेतू नव्हता. जेथे गणित अनंतात जाऊन निरर्थक होते असा बिंदू टाळून मूलकणांचे वर्णन करता येईल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ‘कृमिविवर’ हे ज्याचे भाषांतर आहे ते नाव चार्ल्स मिझ्नर व जॉन व्हीलर यांनी १९५७ मध्ये रूढ केले. फळाच्या सालीवरून पलीकडे जाणाऱ्या मुंगीला वळसा घालावा लागतो. फळ पोखरून आरपार जाणाऱ्या किड्याची वाट त्याहून जवळची असते, ही त्यामागील उपमा होय.

वाट आहे की नाही, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथवर ‘गणितात तरी आहे’ असे मिळाले. परंतु १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर व व्हीलर यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि चित्र पालटले. हा सेतू स्थिर नाही, असे त्यांना आढळून आले. तो उघडतो, काही क्षण रुंदावतो आणि लगेच मधोमध आवळला जाऊन तुटतो. सूर्याएवढ्या वस्तुमानाचा सेतू घेतला, तर कंठाशी मोजलेले त्याचे संपूर्ण आयुष्य एका सेकंदाच्या लक्ष भागांपैकी जेमतेम तीन भाग भरते. विश्वात सर्वांत वेगवान असा जो प्रकाश, त्यालाही एवढ्या अवधीत पैलतीर गाठता येत नाही. वाट होती, पण कोणी पाऊल टाकून पलीकडे जाईपर्यंत ती राहत नव्हती. अस्तित्व आणि स्थैर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या विषयाने शिकविलेला पहिला धडा.

त्यानंतर सुमारे पाव शतकाने प्रश्नाची मांडणीच बदलली, आणि ती बदलण्यास एक कादंबरी निमित्त झाली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली आपली ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी लिहीत असताना त्यांना नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे पाठवावयाचे होते. त्यासाठी योजलेला कृष्णविवराचा मार्ग शास्त्राला धरून आहे का, असे त्यांनी आपले मित्र किप थॉर्न यांस विचारले. तो मार्ग चालणार नाही, हे थॉर्न जाणून होते. मात्र ‘नाही’ म्हणून ते थांबले नाहीत. निसर्गाने कोणती वाट दिली आहे हे शोधण्याऐवजी त्यांनी हिशेब उलट बाजूने मांडला: माणसाला सुखरूप जाता येईल अशी वाट उघडी आहे असे प्रथम गृहीत धरू, आणि मग ती तशी राहण्यासाठी कोणत्या प्रकारचे द्रव्य लागेल हे समीकरणांनाच विचारू. मायकेल मॉरिस व थॉर्न यांचा हा अभ्यास १९८८ मध्ये पदार्थविज्ञानाच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘शक्य की अशक्य’ या वादाऐवजी ‘कोणत्या किमतीला’ असा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. प्रामाणिक चौकशीची ही रीत इतर क्षेत्रांतही अनुकरणीय आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

समीकरणांनी सांगितलेली किंमत समजून घेण्यासाठी विहिरीचे उदाहरण उपयोगी पडेल. भुसभुशीत जमिनीत विहीर खणली, तर भोवतालची माती आत ढासळू पाहते. म्हणून आतून दगडी बांधकाम करून ती थोपवावी लागते. कृमिविवराचा कंठही असाच आत मिटू पाहतो. पण येथे एक अडचण अशी की, आपल्या परिचयाचे कोणतेही द्रव्य टेकू म्हणून वापरले, तरी त्याला स्वतःचे गुरुत्वाकर्षण असते. म्हणजे टेकूच ओझे होऊन बसतो आणि कंठ अधिकच लवकर आवळला जातो.

असे का होते, याचे नेमके उत्तर देणारे समीकरण एका भारतीयाच्या नावाने ओळखले जाते, ही आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी ते १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. एकत्र चाललेल्या प्रकाशकिरणांचा किंवा कणांचा झोत गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रातून जाताना कसा एकवटतो अथवा फाकतो, हे त्यावरून कळते. सर्वसामान्य द्रव्य बहिर्गोल भिंगासारखे वागते. ते किरणांना एकत्र आणते. रॉजर पेनरोझ व स्टीफन हॉकिंग यांनी पुढे केलेल्या सुप्रसिद्ध सिद्धतांचा हाच पाया होय. आता कृमिविवराकडे पाहा. त्याच्या मुखातून आत शिरणारे किरण कंठाकडे एकवटत जातात. दुसऱ्या मुखातून बाहेर पडताना मात्र ते फाकले पाहिजेत. तेव्हा कंठाशी असे काही तरी हवे, की जे एकवटणाऱ्या किरणांना फाकवील. सर्वसामान्य द्रव्याला हे काम कधीही साधत नाही. त्यासाठी जे द्रव्य लागते, त्यातील ताण त्याच्या ऊर्जेच्या घनतेहून मोठा असावा लागतो, आणि वेगाने त्यातून जाणाऱ्या निरीक्षकाला ती ऊर्जा शून्याहून कमी, म्हणजे ऋण, दिसते.

किंमत किती, तेही ऐकण्यासारखे आहे. कंठाची त्रिज्या १० मीटर असेल, तर लागणारा ताण दर चौरस मीटरला सुमारे ५ वर ४० शून्ये इतके न्यूटन भरतो. हा ताण अत्यंत जड अशा न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातील दाबाइतका खाली आणावयाचा झाला, तर कंठाची त्रिज्या काही किलोमीटर करावी लागते. उलट कंठ लहान करून अवघ्या एका मीटरचा ठेवला, तर साधारण हिशेबाने गुरू ग्रहाच्या वस्तुमानाशी तुलना करता येईल एवढे वस्तुमान लागते, आणि तेही ऋण. पृथ्वीच्या तीनशेपटीहून जड असलेल्या त्या ग्रहाएवढे देणे, एका माणसाला वाकून जाता येईल अशा दारासाठी!

‘ऋण’ या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या भाषेत हा शब्द गणिताचाही आहे आणि व्यवहाराचाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्याहून अधिक व शून्याहून उण्या राशींचे नियम धन आणि ऋण याच संज्ञांनी सांगितले आहेत. एक मालमत्ता, दुसरे कर्ज. ही केवळ शब्दांची योगायोगाने पडलेली गाठ आहे असे कोणी म्हणेल. परंतु निसर्गातील ऋण ऊर्जेविषयी गेल्या शतकात जे कळले, ते पाहिल्यावर कर्जाची उपमा बाहेरून चिकटविलेली वाटत नाही.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कविकल्पना नव्हे. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक काझिमिर यांनी १९४८ मध्ये असे भाकीत केले की, निर्वातात दोन विद्युत्भाररहित धातूचे पत्रे एकमेकांच्या अगदी जवळ समांतर ठेवले, तर ते आपोआप एकमेकांकडे ओढले जातील. पुंजयामिकीच्या दृष्टीने निर्वात हे रिते नसते. तेथे क्षेत्रांची अखंड सूक्ष्म स्पंदने चालू असतात. पत्र्यांच्या दरम्यान त्यांपैकी काहींना थारा मिळत नाही, आणि म्हणून तेथील ऊर्जा मोकळ्या निर्वाताहूनही खाली जाते. स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये केलेल्या मोजणीने हे ओढले जाणे नीट सिद्ध झाले. मात्र त्याचे प्रमाण लक्षात ठेवावे. पत्र्यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके असता हा दाब वातावरणाच्या दाबाचा सुमारे आठ कोटींवा भाग असतो. निसर्ग ऋण देतो खरा, पण चिमटीने.

आणि ते देतानाही अटी घालतो. लॉरेन्स फोर्ड व टॉमस रोमन या दोघांनी दाखविले की, ऋण ऊर्जा जितकी मोठी, तितका तिचा अवधी लहान असावा लागतो. हेच नियम त्यांनी १९९६ मध्ये कृमिविवरांना लावून पाहिले, तेव्हा असे दिसले की कंठ एक तर कल्पनातीत सूक्ष्म असावा लागेल, नाही तर सारे ऋण एका अतिशय पातळ पापुद्र्यात कोंबावे लागेल. पुढे १९९९ मध्ये त्यांनी मांडलेले प्रतिपादन त्याहून बोलके आहे. ऋण ऊर्जेचा एक झोत येऊन गेला, की त्यामागून धन ऊर्जेचा झोत आलाच पाहिजे. तो घेतलेल्या ऋणाहून मोठा असला पाहिजे. आणि या परतफेडीला जितका विलंब होईल, तितके हे आधिक्य वाढले पाहिजे. या आधिक्याला त्यांनी स्वतःच ‘पुंज-व्याज’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. मुदलाची फेड तर हवीच, वर व्याजही, आणि तेही मुदतीत! सावकाराच्या चोपडीतही इतकी कडक कलमे क्वचितच सापडतील.

समजा, हे सारे साधले. ऋण ऊर्जा मिळाली आणि कंठ उघडला. तरी स्थैर्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. टोकावर उभी केलेली पेन्सिलही क्षणभर समतोलात असू शकते, पण वाऱ्याच्या झुळकीने ती पडते. होमर एलिस व किरिल ब्रॉनिकोव यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या एका साध्या कृमिविवराची परीक्षा हिसाकी शिंकाई व शॉन हेवर्ड यांनी २००२ मध्ये संगणकाच्या साह्याने घेतली. त्यांनी या विवराला किंचित धक्का देऊन पाहिला. धक्क्यातील ऊर्जा एकूण धन असेल, तर कंठ मिटतो आणि त्याचे कृष्णविवर होते. ती एकूण ऋण असेल, तर कंठ भराभर फुगत जातो, आणि दोन ठिकाणांना जोडणारी वाट म्हणून तो उरत नाही. २००९ मध्ये गोन्सालेस, गुस्मान व सार्बाक यांच्या स्वतंत्र अभ्यासातही हे विवर अस्थिरच ठरले. सर्वच नमुने असे आहेत असे नाही. एरिक प्वासाँ व मॅट व्हिसर यांनी १९९५ मध्ये पातळ कवचाचे जे विवर अभ्यासले, ते काही अटी मान्य केल्यास ठरावीक मर्यादेत स्थिर राहू शकते. मात्र त्या विलक्षण द्रव्याचे गुणधर्म तेथे आधी गृहीत धरावे लागतात.

शिंकाई-हेवर्ड यांच्या निष्कर्षांत एक वाक्य असे आहे की, त्यावर कोणाही नीतिविचारकाने थांबून विचार करावा. सामान्य द्रव्याचा बनलेला प्रवासी विवरातून गेला, तर त्याच्या जाण्यानेच विवर मिटून कृष्णविवर होते. त्याने काही आगळीक करावी लागत नाही. तो दुष्ट असावा, बेपर्वा असावा, अशी आवश्यकता नाही. त्याला वजन आहे, एवढेच पुरेसे होते. परंतु त्याच वेळी योग्य त्या मापाने ऋण ऊर्जेची भर घातली, तर विवर काही मर्यादित काळ राखता येते. भर कमी पडली तर ते मिटते, अधिक झाली तर ते फुगून जाते. आणि काही काळाने पुन्हा माप घ्यावेच लागते.

मग ही किंमत कमी करता येणार नाही काय? या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निबंध पुण्याशी निगडित आहे. व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील नरेश दधीच यांनी २००३ मध्ये असे दाखविले की, भूमितीची निवड चतुराईने केली, तर विलक्षण द्रव्याचे एकूण प्रमाण हवे तितके कमी करता येते. हवे तितके कमी. पण शून्य नव्हे. आणि २००५ मध्ये ख्रिस्तोफर फ्यूस्टर व रोमन यांनी या नमुन्यांनाही पुंजयामिकीच्या अटींची फूटपट्टी लावून त्यांच्यावर कडक मर्यादा पडत असल्याचे दाखवून दिले. देणे कितीही पातळ पसरले, तरी ते देणेच राहते.

अलीकडच्या काळातील निष्कर्ष तर याहूनही मार्मिक आहेत. पिंग गाओ, डॅनियल जाफरिस व ॲरन वॉल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आणि हुआन माल्दासेना, अलेक्से मिलेखिन व फेडोर पोपोव यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या नमुन्यात भौतिकीचे ज्ञात नियम न मोडता पार करता येईल असे कृमिविवर गणिताने उभे राहते. परंतु माल्दासेना प्रभृतींच्या विवरातून जावयास बाहेरच्या सरळ वाटेने जाण्यापेक्षा अधिकच वेळ लागतो! गाओ प्रभृतींच्या विवरात दोन्ही टोके आधीच बाहेरून एकमेकांशी संबंध राखून असावी लागतात. म्हणजे ज्या वाटेचा हिशेब चोख आहे, ती जवळची वाट नाही. ज्या लोभाने किड्याची उपमा सुचली होती, तो लोभ तेवढा गळून पडतो आणि वाट शिल्लक राहते.

येथपर्यंत पदार्थविज्ञान झाले. आता यातून नीतीविषयी काही निष्पन्न होते काय, हा प्रश्न आहे. प्रथम जे निष्पन्न होत नाही ते स्पष्ट सांगितले पाहिजे. गणितातील ऋण आणि धर्मशास्त्रातील ऋण एकच आहेत, असे या लेखाचे म्हणणे नाही. निर्वातातील स्पंदने कोणाचे देणेकरी नसतात; त्यांना कर्तव्य नाही आणि पापही नाही. तसेच, आपल्या पुराणांत हे सारे आधीच सांगितले होते, असाही दावा येथे नाही. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिच्यासह ब्रह्मलोकी गेला आणि परत येईतो पृथ्वीवर युगे लोटली, ही कथा आपण देवळाच्या सभामंडपात ऐकलेली असते. आणि असा विषय निघाला की ती हटकून पुढे केली जाते. ती कथा सुंदर आहे. मनुष्याचा मानदंड आणि विश्वाचा मानदंड यांतील अंतर ती मनावर ठसविते. तिच्यावर आधुनिक समीकरणांचे ओझे लादल्याने समीकरणे पवित्र होत नाहीत आणि कथेचा मानही वाढत नाही. उलट, जे खरोखर आपले आहे तेच आपण दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर टांगून ठेवतो. देवापुढे उभे राहून बोलावयाचे, तर जे आहे तेच बोलावे.

मग जे आपले आहे, ते कोणते? मनुष्य जन्मतःच ऋणको आहे, हा विचार. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणात मनुष्यांचे ऋण हे चौथे जोडले आहे, आणि ते दुसऱ्याला निवारा व अन्न देऊन फेडावयाचे असते. हा विचार नीतिशास्त्रात दिसतो त्याहून अधिक धीट आहे. आपण व्यवहारात ऋण ही अपवादाची, किंबहुना लाजेची, अवस्था समजतो. ज्याने काही घेतले नाही तो मोकळा, असा आपला समज असतो. ऋणविचार नेमका याच समजाला छेद देतो. कोणी काही घेतलेच नाही, असा मनुष्य नसतो. ज्या वाटेने आपण जगात आलो, बोलू लागलो, प्रार्थना करू लागलो, ती वाट आपण बांधलेली नव्हती. तेव्हा ऋण असणे हे पाप नव्हे. ते नाकारणे, किंवा फेडीची मुदत दुसऱ्याच्या माथी ढकलणे, यात दोष आहे.

कृमिविवराच्या अभ्यासाने हा विचार सिद्ध होत नाही. परंतु तो डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि तीन सवयीच्या चुका उघड्या पडतात.

पहिली चूक संस्थापकाची. एखादी गोष्ट एकदा उभी केली की काम संपले, असे त्याला वाटते. देऊळ बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. नंदादीपाला रोज तेल घालणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी देवळाबरोबरच दिवाबत्तीची, पूजेची व नैवेद्याची कायम नेमणूकही करून ठेवली, तेव्हा अस्तित्व आणि स्थैर्य यांतील भेद त्यांना पुरता कळला होता, हे मान्य केले पाहिजे. बांधणे हा एका पिढीचा पुरुषार्थ; राखणे हे प्रत्येक पिढीचे देणे.

दुसरी चूक वाटसरूची. ‘माझ्या एकट्याच्या जाण्याने काय बिघडणार?’ हा तो प्रश्न. त्याला वाटते की नुकसान करण्यासाठी वाईट हेतू लागतो. पण वजनाला हेतू लागत नाही. परंपरा, भाषा, सार्वजनिक संस्था, यांचा निव्वळ लाभ घेणारी माणसे बहुधा सज्जनच असतात. ती काही तोडीत नाहीत, चोरीत नाहीत. केवळ ये-जा करतात, आणि त्या ये-जा करण्यानेच वाट थोडी थोडी आवळत जाते. सज्जनपणा एवढ्याने ऋणमुक्त होता येत नाही. आपले वजन आपण जाणले, आणि त्या मापाने काही भर घातली, तरच पुढच्या माणसासाठी वाट उरते. घरात मुलांशी आपली भाषा बोलणे, पंगतीत जेवल्यावर एकदा वाढावयास उभे राहणे, ही भर दिसावयास लहान असते. मात्र ती ज्याची त्यालाच घालावी लागते.

तिसरी चूक राखणदाराची आहे, आणि तिच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. वाट मिटेल या भयाने तो गरजेहून अधिक जोर लावतो. नियमांवर नियम चढवितो, प्रत्येक नवागताकडे संशयाने पाहतो, संरक्षणाच्या आवेशात मूळ हेतू विसरतो. कंठात भर अधिक झाली की तोही वाट राहत नाही, हे आपण पाहिलेच आहे. मोठा होतो, पण कशालाच जोडीत नाही. संरक्षणाचा अतिरेक आणि उपेक्षा ही परस्परविरुद्ध भासली, तरी दोहोंचा परिणाम एकच होतो: पलीकडे कोणी पोचत नाही. म्हणून राखणदाराचा सद्गुण जोर हा नव्हे, माप हा आहे. आणि माप एकदाच घेऊन भागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्वच वाटा राखण्याच्या लायकीच्या असतात काय? काही रूढी मिटल्या हेच बरे झाले, हे कोण नाकारील? आक्षेप योग्य आहे, आणि ऋणविचाराला त्याची भीती नाही. कर्ज घेताना जसे ते कशासाठी हे विचारावे लागते, तसेच वाट राखताना ती कोणाला कोठे नेते, हे विचारावे लागते. जी वाट काहींच्या पाठीवर पाय देऊनच उघडी राहते, तिचे देणे भलत्याच माणसांकडून वसूल होत असते. ती राखणे हा धर्म नव्हे. किंमत विचारण्याचा खरा उपयोग हाच. वाट उघडी राहते कशाने, असे विचारले की ती कोणामुळे राहते, हेही आपोआप दिसू लागते, आणि मग न्याय-अन्यायाचा निवाडा करणे सोपे जाते. जो हिशेब मागत नाही, त्याला अन्यायही दिसत नाही.

कृमिविवर निसर्गात असेल किंवा नसेल. ज्यांनी त्याच्या स्थैर्याचा हिशेब मांडला, त्यांना आजवर एकही प्रवासी पलीकडे पाठविता आला नाही. तरीही त्यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. कारण फुकटची वाट नाही, एवढे त्यांनी अतिशय चोखपणे दाखवून दिले. आपण मात्र अशा कितीतरी वाटांवरून रोज चालतो, की ज्या प्रत्यक्ष उघड्या आहेत. त्या कोणी उघडल्या हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. आज त्या कोण राखीत आहे, हे विचारावे. आणि त्या राखणाऱ्यांत आपला वाटा किती, हे त्यानंतर विचारावे. मुदलाचा विचार जितका लांबेल, तितके व्याज चढते.